नाव न घेणाऱ्या बाया

"म्हणजे आधीच्या पाहणीत या बायांना शून्य गुण उगाच मिळाले?" पहिल्या रांगेतल्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्या पोरीला विचारलं.

चंद्रपूरच्या सभागृहात नव्या डॉक्टरांनी आपापलं नवं संशोधन सांगायचं होतं. विषय स्मृतिभ्रंश, म्हातारपणी माणूस सगळं विसरतं तो आजार. मंचावर माझी कमला उभी होती. अहेरीच्या नाकेदाराची पोर! तिचे बाबा माझ्या शेजारीच बसले होते. तीस वर्षं जंगलखात्यात नाक्यावर काढली त्यांनी, आणि आता घर विसरले, मलाही विसरले. त्यांच्यापायीच कमलानं हा विषय धरला. आज काम खोटं ठरलं, तर तिची गावोगावची सगळी पायपीट पाण्यात जाणार होती.

"उगाच नाही, सर," कमला म्हणाली. "त्यांना नवऱ्याचं नाव विचारलं होतं. त्या गप्प बसल्या. आपण लिहिलं, विसरल्या. पण आमच्या बाया नवऱ्याचं नाव घेतच नाहीत, सर."

हशा पिकला. मला असा राग आला म्हणून सांगू! हसतात काय? यांच्या आयांनी तरी कधी घेतलं होतं का?

"मग खरंच विसरलेली बाई ओळखायची कशी?" मोठ्या डॉक्टरांनी पुढे विचारलं.

"मी चार नावं घेते. त्यात तिच्या नवऱ्याचं आलं, की ती लाजून तोंड फिरवते. जी लाजत नाही, तिला पुन्हा तपासते. शून्यवाल्या बहुतेक जणी ठणठणीत निघाल्या."

डॉक्टर जागचे उठले. मग म्हणाले, "पाहणी माझीच होती. चुकलो मी." आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. माझी छाती गजभर फुगली. पलीकडच्या अनोळखी बाईला मी सांगून टाकलं, "माही पोरगी हाये थे!"

इकडे वळले, तर ह्यांची खुर्ची रिकामी. टाळ्यांना बिचकून हे दाराबाहेर पडले होते. समोरच हमरस्ता, कोळशाच्या ट्रकांची रांग.

"अवो! आयकलं का!" मी धावत ओरडले. हे थांबेनात. "कमलाचे बाबा!" छे! एक पाय रस्त्यावर पडलाच होता.

"देवराव!"

जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं, तेही चारचौघांत.

हे जागीच थांबले. वळले, टाचा जुळवून ताठ उभे राहिले.

"जी, साहेब."

नावानं त्यांना फक्त नाक्यावरचे साहेबच हाक मारायचे. माझा जीव तीळतीळ तुटला. दारात कमला येऊन उभी होती.

"चला," मी म्हटलं. "पोरीचं कवतिक करून राह्यले सारे आत."

"चला, साहेब," म्हणाले, आणि दोन पावलं अंतर राखून माझ्या मागोमाग आत आले.