वॉर्ड अकराचं समाधान

आमचा वॉर्ड शहरात सगळ्यात समाधानी निघाला, हे मला कळलं तेव्हा मी एका ब्लाउजला हुक लावत होते. मी सुई बाजूला ठेवली आणि विचारलं, "कोणी सांगल्यान?" बातमी आणणाऱ्या यशोदाकाकीला ते माहीत नव्हतं. तिच्या कानावर एवढंच आलं होतं की नळाची नवी लाइन यंदा आमच्याकडे यायची होती, ती आता वॉर्ड चारला जाणार. का, तर आम्ही सुखी आहोत.

माझं नाव नम्रता. ते ठेवणाऱ्या आत्याला आता दोष देऊन उपयोग नाही. देऊळवाडीत माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि गावाची नगरपंचायत झाल्यापासून देऊळवाडीला वॉर्ड अकरा म्हणतात. खाडी अगदी जवळ. शिमगा सरला की आमच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, डाळ शिजत नाही. यशोदाकाकीच्या यजमानांची, शिवाकाकांची, किडनी बिघडलेली आहे, आणि डॉक्टरांनी हे पाणी त्यांना पूर्ण बंद केलंय. म्हणून ही म्हातारी डोंगराच्या झऱ्यावरून रोज कळशी आणते. मध्यंतरी पाय घसरून पडली, गुडघा सुजला, तरी जाणं चालूच. तिला समाधानी म्हणणारा कोण तो मला बघायचाच होता.

चौकशी केली तर निघाली आमच्याच वाडीतल्या मास्तरांची मुलगी गौरजा. पुण्याला शिकली, तिथल्याच कुठल्या संस्थेत लागली आणि आता घरी बसून लॅपटॉपवर काम करते. शहरातल्या कुठल्या वॉर्डात लोक किती बऱ्या अवस्थेत राहतात याचा नकाशा तिने केला होता, आणि नगरपंचायतीने तो पुढ्यात ठेवून पाण्याची लाइन फिरवली होती. ही दिवसभर नेमकं काय काम करते ते तिच्या आईलाही सांगता येत नाही, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आमच्याकडे आधी माहिती गोळा करणारा येतो आणि त्याच्या मागून जमिनीचा दलाल.

मी गळ्यात टेप तशीच ठेवून तिच्या ओटीवर गेले.

"गौरजा, खरा सांग. आमच्या वाडयेत कोणाक विचारलंस गो?"

"कोणाकच नाय, वैनी. विचारूची गरज नाय. सगळी माहिती सरकारी वेबसाइटवर उघडी आसा. कोणीय बघू शकता."

म्हणजे आमची माहिती उघड्यावर पडलेली आणि आम्हालाच पत्ता नाही! माझा संशय कमी व्हायचा तो वाढला. तिने मला बसवून सगळं दाखवलं. दवाखान्यात किती पेशंट येतात, शाळेत किती मुलं हजर असतात आणि नगरपंचायतीच्या ॲपवर पाण्याच्या किती तक्रारी येतात. वॉर्ड चारच्या तक्रारींचा खांब माडासारखा वर गेलेला. आमच्या जागी काहीच नव्हतं.

"इतक्या वर्षांत पाण्याची एकय तक्रार नाय," ती कौतुकाने म्हणाली. "म्हणान आपलो वॉर्ड पयलो."

"मगे तुझी आई दर सोमवारी देवळात नारळ कित्याक घेऊन जाता?"

तिचा चेहरा उतरला. ती याच वाडीत वाढलेली, तिला जास्त सांगावं लागलं नाही. आमच्याकडे तक्रार असली की माणूस ऑफिसात जात नाही, देवळात जातो. सोमवारी नारळ ठेवायचा, परशुराम गुरवाने आपलं नाव घेऊन मोठ्याने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. गटार तुंबलं, सून बोलत नाही, पाणी खारट झालं, सगळं तिथेच. यशोदाकाकीचं पाण्याचं गाऱ्हाणं तर वाडीतल्या पोरांना पाठ आहे. ते कुठल्या वेबसाइटवर असणार?

पुढच्या सोमवारी गौरजा देवळात आली. मी मुद्दाम तिच्या मागे बसले, लक्ष ठेवायला. पाण्याची गाऱ्हाणी एकामागून एक होत गेली. सगळी झाल्यावर ती उठून म्हणाली, "हीच सगळी ॲपवर घालूया."

परशुराम गुरवाने कपाळाला आठ्या घातल्या. "देवाक सांगून झाल्यावर परत सरकाराक सांगूचा? म्हणजे देवावर इश्वास नाय?"

"आणि ता ॲप मोबाइल नंबर कित्याक मागता?" मी विचारलं. मागे एका प्रदर्शनात मी नंबर लिहून दिला होता, तर पुढे महिनाभर प्लॉट विकणारे फोन करत होते.

शेवटी देवालाच कौल लावायचं ठरलं. परशुरामाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही थांबलो. समईत दोनदा तेल घालून झालं तरी एकही पाकळी हलली नाही.

"देव कायच बोलणा नाय," परशुराम म्हणाला. "म्हणजे आसा ताच बरा आसा, असो अर्थ."

माझं डोकं फिरलं. "पाकळी पडाक नाय म्हणान देव खूश? ह्याच तर ह्या पोरीन आमच्याबद्दल केल्यान!"

गौरजाने मान खाली घातली. मला तिची थोडी दया आली, पण मी ती दाखवली नाही. तेवढ्यात यशोदाकाकी गुडघा धरून उठली.

"देवान नको म्हणाक नाय मां? मगे माझा नाव लिव."

तिच्या मागे बाकीचे आले. माझी पाळी आल्यावर गौरजा म्हणाली, "वैनी, ओटीपी सांगा."

"ओटीपी कोणाक सांगूचो नसता," मी म्हटलं, तिच्या हातातून तिचा मोबाइल घेतला आणि एकेक आकडा स्वतः दाबला.

गौरजाने नकाशा नव्याने केला. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही असं धरू नये, हेही तिने त्याखाली लिहिलं. वॉर्ड अकरा शहरात शेवटचा आला, आणि वाडीतले लोक रस्त्यात भेटून एकमेकांचं अभिनंदन करू लागले. मग एक दिवस नगरपंचायतीचा इंजिनीअर तपासणीला यशोदाकाकीकडे आला. सरकारी माणूस आपल्या पायाने आला म्हणजे काहीतरी गडबड असणार. मी दुकान बंद करून तिथे जाऊन बसले.

काकीने रिवाजाप्रमाणे त्याच्यापुढे गूळपाणी ठेवलं. त्याने एक घोट घेतला, तो कसाबसा गिळला आणि वाटीतला गूळ सगळा संपवला.

"मावशी, हेच पाणी पिता तुम्ही?"

"ह्यांच्यासाठी झऱ्याचा आणतंय. तुमका विहिरीचा मुद्दाम दिलंय."

त्याने वहीत लिहून घेतलं. मी वाकून बघितलं, त्याने लपवलं नाही. पण वही मिटता मिटता तो जरा कुरकुरलाच. "इतकी वर्षं एवढा त्रास होता, तर तक्रार का नाही केलीत?"

काकीने सुजलेल्या गुडघ्यावरून हात फिरवला.

"केलंय मां," ती म्हणाली. "दर सोमवारी."