पट्टी ठोकलेली काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे. माझ्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे आणि ती मी लपवत नाही. ती कशी आली, तेच आज सांगायचं आहे. ज्यांच्या घरी स्टीलच्या परातीत पीठ मळतात, त्यांच्यासाठी आधी हे सांगते की काठवट म्हणजे एकाच लाकडातून कोरलेली मोठी, उथळ परात.

चोपड्याच्या जीवराम सुताराने मला निंबाच्या जाड बुंध्यातून कोरलं. चार दिवस तो मला तासत होता. आता माझं काही उरत नाही, असं मला वाटू लागलं होतं. मग त्याने मला शेंगदाण्याचं तेल पाजलं, उन्हात ठेवलं आणि म्हणाला, "हाई काठवट दोन पिढ्या टिकी." त्या एका वाक्यावर मी आजवर तोरा मिरवते आहे.

सुंदरबाईच्या लग्नात मी रुखवतात मांडली गेले आणि तिच्याबरोबर अभिमनच्या घरी आले. चोपड्याजवळचं गाव, घराच्या मागे केळीची बाग. रोज सकाळी माझ्यात कळण्याचं पीठ पडायचं. ज्वारीत काळे उडीद सालासकट घालून दळलं की कळणं होतं. सुंदरबाई ते तळहाताने असं रगडायची की मला गुदगुल्या व्हायच्या. तिच्या भाकरीचा पापुद्रा साऱ्या गल्लीत नावाजलेला. त्यातलं निम्मं श्रेय माझं, पण ते मला कुणी दिलं नाही.

या भाकरीवर तिची मुलगी नूतन वाढली. ती चालायला शिकली ती थेट पळतच. पुढे तिने पोलीस भरतीचं मनावर घेतलं. आठशे मीटर धावायचं होतं. जब्बार सायकलवाल्याची खुशनुमा तिच्या जोडीला होती. दोघी पहाटे मैदानावर जायच्या आणि परत येऊन चार-चार भाकरी फस्त करायच्या. नूतनने ही एकच परीक्षा धरून ठेवली होती, कारण वयाच्या अटीत बसणारी ती तिची शेवटची भरती होती.

आणि नेमका तेव्हाच घरात फोनवरच्या व्हिडिओतला एक माणूस आला. दंड फुगलेले, दात पांढरेशुभ्र. तो सांगायचा, भाकर-पोळी बंद, केळं बंद, पोट सपाट. नूतनला ते पटलं. केळी पिकवणाऱ्या घरात केळं हद्दपार झालं. सकाळी काकडीचं पाणी, दुपारी डब्यातली पावडर. अभिमन जेवता जेवता पुटपुटायचा, "घरमा केळीना घड लटकी रायनात, अन् पोर पावडर पी रायनी."

माझं काय झालं ते ऐका. एके दिवशी तिने मला घासूनपुसून अंगणात नेलं. मी हरखले. तिने माझ्यात काकडीच्या चकत्या आणि ड्रॅगन फ्रूट मांडलं, चार बाजूंनी फोटो काढले आणि मला तिथेच भिंतीला टेकवून ठेवलं. फोटोला शेकड्यांनी लाइक आले म्हणे. मी मात्र उन्हात पडून राहिले. भाकरी कमी झाल्या होत्या, दोन माणसांपुरतं पीठ सुंदरबाई ताटलीतच मळून घेई. तेल मिळेना, पिठाचा ओलावा मिळेना. चैत्राच्या उन्हात माझी कड तडकली. खरं सांगते, मला रडू आलं.

मी तडकले त्याच आठवड्यात नूतनही कोसळली. तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मैदानावर पडली. खुशनुमाने तिला रिक्षातून घरी आणलं. परीक्षेला पाच आठवडे उरले होते आणि तिची वेळ अर्ध्या मिनिटाने मागे गेली होती.

सुंदरबाई रागावली नाही. तिने खुशनुमाला जवळ बसवलं. "तो माणूस कोन शे? त्यालेच इचार," ती म्हणाली.

"काकू, लाखो लोक लिहितात त्याला. तो कुठे उत्तर देणार?"

"तू लिख ते खरं."

मग सुंदरबाई सांगत गेली आणि खुशनुमाने शब्दही न बदलता त्या व्हिडिओखाली लिहिलं: "भाऊ, मनी पोर आठशे मीटर पयस. तुमनं देखीसन तिनी भाकर सोडी दिधी, केळं बी सोडी दिधं. आते ती पयता पयता पडनी. तिले काय खावाले दिऊ, सांगा."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्या माणसाने शुद्ध मराठीत लिहिलं होतं, "ताई, माझा व्हिडिओ वजन कमी करणाऱ्यांसाठी आहे. शेवटी मी तसं सांगितलंही आहे. धावणाऱ्या मुलीने भाकरी आणि केळी अजिबात सोडू नयेत. मी स्वतः शर्यतीआधी केळं खातो. आणि एकदा डॉक्टरांना दाखवा."

खुशनुमाने ते दोनदा वाचलं. नूतनने व्हिडिओ पुन्हा लावला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. एरवी ती अर्ध्यावरच पुढच्या व्हिडिओवर जायची. मग ती उठली, मागच्या दारी गेली आणि घडातली दोन केळी तोडून आणली.

डॉक्टरांनी रक्त कमी असल्याचं सांगून गोळ्या दिल्या. अभिमनने मला उचललं, तडा जुळवला, पत्र्याची पट्टी ठोकली आणि तेल पाजलं. त्या संध्याकाळी सुंदरबाईने माझ्यात भरपूर कळणं ओतलं. ती पुन्हा दोन्ही तळहातांनी रगडायला लागली आणि माझ्या अंगात जीव आला.

भरतीच्या दिवशी दोघी जळगावला गेल्या. मी ओट्यावर, माझ्या कडेला टेकवलेला अभिमनचा फोन, आणि सुंदरबाईचे हात पिठात. फोन वाजला. अभिमनने बोटाने दाबला आणि पडद्यावर घामाने थबथबलेली नूतन दिसली. मैदानाच्या फाटकाबाहेर उभी होती.

"माय, दोन मिनिटं पंचेचाळीस. पूर्ण गुण."

सुंदरबाई पिठाच्या हातांनी डोळे पुसायला गेली आणि गाल पांढरे करून बसली.

"माय, भाकरी ठेवजो. खुशनुमा बी पास व्हयनी. ती बी येस."

सुंदरबाईने माझ्यात आणखी दोन ओंजळी पीठ टाकलं.

त्या दुपारी दोघी परतल्यावर सुंदरबाईने खुशनुमाकडून त्या व्हिडिओखाली आणखी एक ओळ लिहवून घेतली: "भाऊ, पोर पयनी. चोपडाले उनात ते जेवाले या." चोपड्याला आलात तर जेवायला या, असं तिचं आवतण.

मित्रांनो, फोन जरूर बघा, पण शेवटपर्यंत बघा आणि ते आपल्यासाठी आहे का, हे विचारायला लाजू नका. घरात एखादी काठवट कोपऱ्यात पडली असेल, तर तिला थोडं तेल पाजा. लेखी परीक्षाही पार करून नूतनला आता खाकी वर्दी मिळाली आहे आणि तिच्या खांद्यावर चकचकीत बिल्ला आहे. माझ्या कडेला माझी पट्टी आहे. नूतन सुट्टीला आली की आम्ही दोघी एकमेकींसमोर बसतो, आणि आता पीठ तीच मळते.