अंगावर काढलेले आठ महिने

तिला सगळे घार म्हणायचे. पोलादाच्या गोदामात छताखालून धावणारी क्रेन ती चालवायची. जमिनीपासून अठ्ठावन्न पायऱ्या वर, काचेच्या लहानशा केबिनमध्ये बसून ती खाली अचूक नेम धरायची, म्हणून हे नाव. नऊ टनांचं पत्र्याचं भेंडोळं ती ट्रकवर असं टेकवायची, जणू झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतेय. अकरा वर्षांत तिच्या हातून एकदाही माल निसटला नव्हता. मुकादम नव्या माणसांना सांगायचा, "काम शिकायचंय ना? मग मान वर करा आणि तिच्याकडे बघा."

घार चव्वेचाळीस वर्षांची होती आणि आठ महिन्यांपासून तिची पाळी बदलली होती. पूर्वी चार दिवस, फार तर पाच. आता नऊ दिवस उलटले तरी थांबायचं नाव नाही. पहिले तीन दिवस तर तासाभरात पॅड भिजायचं, गाठी पडायच्या. वर केबिनजवळ बाथरूम नव्हतं. ती दोन-दोन पॅड लावून चढायची, काळी पँट घालायची आणि सकाळपासून पाण्याला तोंड लावायची नाही.

याबद्दल तिने एकाच व्यक्तीला विचारलं होतं, थोरल्या बहिणीला. ताई तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी, कपड्यांच्या कारखान्यात कापणी विभागाची प्रमुख. आई गेल्यापासून घारीसाठी ताईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

"पाळी जाता जाता असंच होतं गं," ताई म्हणाली होती. "माझं काय वेगळं झालं? थोडं सोसायचं. मग सुटका."

घारीने मान डोलावली आणि सोसत राहिली.

एका मंगळवारी सकाळी ती नेहमीसारखी चढायला लागली. तिसाव्या पायरीच्या आसपास तिला धाप लागली. अजून चार पायऱ्या चढल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा घट्ट धरून ती तिथेच उभी राहिली. माल उचलताना खालून तिला हाताने खुणा करणारे काका ओरडले, "काय गं, विसरलीस का काही?" तिने हातानेच काही नाही म्हणून सांगितलं आणि कशीबशी वर पोचली.

केबिनमध्ये बसल्यावर तिने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. खाली काका क्रेनच्या आकड्याजवळ उभे होते, दोघे जण साखळी अडकवत होते. त्यांच्या डोक्यावरून नऊ टन जाणार होते.

तिने वॉकीटॉकी उचलला. "मुकादम, आज मी माल उचलणार नाही."

"का? क्रेनला काय झालं?"

"क्रेन ठणठणीत आहे. मला बरं नाही."

"डोकं दुखतंय का?"

हो म्हणणं सोपं होतं. आठ महिने ती असंच काहीतरी सांगत आली होती. पण आज तिला त्या खोटेपणाचाच कंटाळा आला. "डोकं नाही. पाळीत रक्त फार जातंय, आठ महिने झाले. चक्कर येतेय. अशा अवस्थेत माणसांवरून माल नेणार नाही."

वॉकीटॉकी गोदामातल्या चौदा जणांकडे होता. चौदाही जणांनी ते ऐकलं. मग मुकादमाचा आवाज आला, जरा घसा खाकरून. "ठीक आहे. घाई करू नकोस. काका वर येताहेत, त्यांच्याबरोबर सावकाश उतर. मी गाडी बोलावतो."

काका तिच्या दोन पायऱ्या खाली राहून, तिच्याकडे तोंड करून उतरले. साठीला टेकलेला माणूस, पण एकदाही घाई केली नाही. शेवटच्या पायरीवर एवढंच म्हणाले, "आमच्या हिच्याही अंगावरून असंच जायचं. आम्हीही उशीरच केला होता. तू करू नकोस."

डॉक्टरबाई वयाने तिच्याहून लहान होत्या, पण प्रश्न नेमके विचारत होत्या. पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस राहते, दिवसाला किती पॅड लागतात, गाठी केवढ्या पडतात, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसतं का. निम्म्या प्रश्नांची उत्तरं घारीला अंदाजाने द्यावी लागली, याची तिला लाज वाटली.

"आता वय झालं, म्हणून असेल," ती शेवटी म्हणाली.

"या वयात पाळी मागेपुढे होते, हे खरं. पण तासाला पॅड भिजतंय, जिना चढताना धाप लागतेय, हे सगळं वयाच्या माथी मारून कसं चालेल? काहीतरी कारण असणार. आपण ते शोधू."

कारण सापडलं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ दिसली. हिमोग्लोबिन साडेसातवर आलं होतं, बाराच्या वर हवं होतं. थायरॉइड ठीक निघालं. आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्यातही वावगं काही नव्हतं.

"ही फायब्रॉइडची गाठ," डॉक्टर म्हणाल्या. "कॅन्सरची नाही. आधी रक्त वाढवू, मग खालूनच दुर्बीण घालून गाठ काढू. पोटावर टाकासुद्धा पडणार नाही."

घारीला अर्धवट माहिती चालायची नाही. "आणखी काय काय दिसलं तर यायचं असतं?" तिने विचारलं. "एकदाच सगळं सांगून ठेवा."

डॉक्टर हसल्या, पण सांगितलं सगळं. दिवस गेलेले नसताना पाळी तीन महिने आलीच नाही तर यायचं. दर महिन्याला अंथरूण धरायला लावणारं दुखणं असेल, तर तेही बाईच्या नशिबाचं समजायचं नाही. मध्येच रक्त दिसलं, किंवा संबंधानंतर दिसलं, तरी दाखवायचं. "आणि पाळी वर्षभर बंद राहिली आणि त्यानंतर एक ठिपका जरी दिसला, तर त्याच आठवड्यात. बहुतेक वेळा किरकोळच निघतं. पण न तपासता किरकोळ म्हणायचं नाही."

पुढचे दोन महिने लोहाची इंजेक्शनं झाली. घार खाली टेबलावर बसून मालाच्या नोंदी करत होती आणि वर तिच्या जागी बसलेल्याच्या चुका काढत होती. मग गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, आणि ताई चार दिवस राहायला आली.

दुपारी ताई पलंगाच्या कडेला बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. घार डॉक्टरांचं सगळं बोलणं तिला ऐकवत होती. त्या ठिपक्याच्या वाक्यापाशी ताईचे हात थांबले. अर्धी घडी मांडीवरच राहिली.

"ठिपका म्हणजे केवढा?" तिने विचारलं.

घार उशीवरून उठून बसली. "ताई, तुझी पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"तीन."

"आणि?"

ताई चादरीचे काठ जुळवत राहिली. "तीन महिने झाले. मधूनमधून दिसतं. मला वाटलं, उष्णता असेल. तुझ्या भाऊजींनाही बोलले नाही. या वयात काय सांगायचं?"

"मला सोसायला सांगितलंस, आणि स्वतःही सोसत बसलीस," घार म्हणाली. आवाजात राग होता, पण हात ताईच्या हातावर होता. "उद्या सकाळी जायचं."

"तू नुकती दवाखान्यातून आलीयस."

"मग काय झालं? रस्ता माहितीचा आहे."

ताईने आयुष्यात पहिल्यांदा धाकटीचं निमूट ऐकलं. तपासणीत गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं आढळलं, आणि त्यातल्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. कॅन्सर अजून झालेला नव्हता, पण वाट तिकडचीच होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता समजावलं आणि गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला. ताईने दोन प्रश्न विचारले, एक दुखण्याबद्दल आणि एक कामावर परतण्याबद्दल. मग म्हणाली, "काढून टाका." ऑपरेशननंतरच्या अहवालात आणखी काही निघालं नाही. पुढे कसलेही उपचार लागणार नव्हते, फक्त ठरल्या वेळी दाखवायला जायचं होतं.

ताई घरी आली त्या आठवड्यात शेजारीण भेटायला आली. भाऊजींनी दारातच तिला सांगायला सुरुवात केली, "तसं विशेष काही नाही, जरा पोटाचं ऑपरेशन..."

"गर्भाशय काढलं माझं," ताई आतून म्हणाली. "पाळी गेल्यावर रक्त दिसत होतं. तीन महिने गप्प बसले, तेवढं चुकलं. बाकी सगळं वेळेत झालं."

भाऊजी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले. शेजारीण आत आली. मग तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली, स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, "मला थोडं विचारायचं होतं."

"विचार," ताई म्हणाली, आणि उशी पाठीशी नीट लावून घेतली.