बुटांच्या कपाटातला सर्व्हर

मिक्सरने एकदा घर्र केलं आणि सगळं घर गप्प झालं. एसी थांबला, फ्रिज थांबला, आणि दाराजवळच्या बुटांच्या कपाटातून एरवी अखंड येणारी बारीक घरघरही थांबली. ती थांबल्याचं कळताच वैभवीने घड्याळाकडे पाहिलं.

ब्रेकर पडला होता. जपानची वीज शंभर व्होल्टची. पुण्याहून आणलेला मिक्सर तिच्यावर नुसता कण्हतो. म्हणून त्याच्यासाठी विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर विकत घेतलेला. एसी, भाताचा कुकर आणि हा ट्रान्सफॉर्मर एकदम चालवायचा नाही, हे टोकियोच्या कोतो भागातल्या आपल्या लोकांच्या घराघरांत पाठ असतं. वैभवीलाही पाठ होतं. पण आज तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, आणि तिच्या नवऱ्याने, देवदत्तने, ऑफिसच्या पार्टीसाठी साबुदाणे वडे कबूल करून ठेवले होते. "वैभवी करेल की," असं तो परस्पर सांगून मोकळा झाला होता. वडे आले म्हणजे दाण्याची चटणी आलीच.

अकरा वाजता ओकामुरा-सान ऑनलाइन येणार होत्या. शाळांना आणि ऑफिसांना जेवणाचे डबे पुरवणारं त्यांचं मोठं स्वयंपाकघर होतं आणि वैभवी तिथे बाइतो करत होती. बाइतो म्हणजे तासांवर मिळणारं काम. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला तेवढीच मुभा. डबे भरता भरता तिला दिसायचं, की कोणाला अंडं नको, कोणाला तीळ सोसत नाहीत, हे सगळं फोनवर आणि चिठ्ठ्यांवर चाललंय. पुण्यात लग्नाआधी चांगली सॉफ्टवेअरची नोकरी केलेल्या बाईला ते बघवेना. तिने घरी बसून ऑर्डर सांभाळणारा प्रोग्राम लिहिला. तो आज दाखवायचा होता. पसंत पडला तर पक्की नोकरी आणि स्वतःच्या नावाचा व्हिसा. नाही पडला तर आहेतच डबे.

आणि तो प्रोग्राम राहत होता बुटांच्या कपाटात. "घरात एवढा सर्व्हर असताना बाहेर जागा कशाला भाड्याने घ्यायची?" हे देवदत्तचं म्हणणं. फोटो साठवायला आणलेला तो काळा डबा. दोघांची मुलगी तन्वी त्याला सरळ 'हाको' म्हणायची, म्हणजे खोकं. त्या खोक्याच्या पोटात देवदत्तने दोन आभासी संगणक, त्याच्या भाषेत 'मशीन', थाटून दिले होते, एक त्याच्यासाठी आणि एक वैभवीसाठी. दिसायचे दोन, पण खायचे एकाच ताटातलं.

तिने ब्रेकर वर ढकलला. डबा टुंईं करून जागा झाला. डिस्क तपासायला त्याने इतका वेळ घेतला की वैभवी दोनदा कपाटापर्यंत जाऊन आली, एकदा गॅसपाशी जाऊन काहीच न करता परत आली. शेवटी हिरवा दिवा लागला. फोटो जागच्या जागी होते. तिचं मशीन मात्र बंद.

तिने 'सुरू करा' दाबलं. चाक फिरलं, फिरलं, आणि लाल अक्षरं आली: सुरू करता आलं नाही.

का ते सांगायचं नाही, फक्त नन्नाचा पाढा! तिने पुन्हा दाबलं. डिस्कवर जागा आहे का पाहिलं, होती. मशीनची फाइल वीज जाताना मोडली की काय, म्हणून ती तपासली, धडधाकट होती. डबाच बंद करून पुन्हा चालू केला. तेच लाल उत्तर. मग तिला सुचलं ते खरं तर सगळ्यात आधी सुचायला हवं होतं: डब्याने लिहून ठेवलेल्या नोंदी वाचायच्या. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं, मेमरी अपुरी.

अपुरी कशी? काल तर पुरत होती. तिने यादी खाली सरकवली आणि तिला देवदत्तचं मशीन दिसलं. ते चालू होतं. 'वीज आली की आपोआप सुरू व्हावे' ही खूण त्याच्यापुढे होती, तिच्या मशीनपुढे नव्हती. काल ते बंद होतं, म्हणून तिचं चालत होतं. आज वीज आल्याआल्या ते उठलं आणि बहुतेक सगळी मेमरी अडवून बसलं.

तिने फोन लावला.

"अरे, तुझं मशीन बंद करू का? माझं सुरूच होत नाहीये."

"नको नको," देवदत्त कुजबुजला. "मीटिंगमध्ये आहे मी. त्यावर माझा परीक्षेचा अभ्यास चाललाय, सगळं सेटिंग लागलंय. तू तुझी मेमरी कमी कर ना, निम्म्यात चालेल तुझं."

"अकरा वाजता ओकामुरा-सान…"

"करून बघ. ठेवतो."

तिने केलं. विचारही न करता केलं, याचं तिला नंतर जास्त वाईट वाटलं. मेमरी निम्मी केली, मशीन उठलं. तिने सुटकेचा श्वास टाकला, प्रोग्राम उघडला, पहिलीच ऑर्डर भरली आणि सगळं जागच्या जागी आडवं झालं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा आडवं. निम्म्यात चालत नव्हतं. त्याने ते निम्मं कुठून काढलं होतं, कोण जाणे.

दुसरा फोन त्याने उचलला नाही.

मग तिने त्याचं मशीन उघडलं. पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत होता, तन्वीची जन्मतारीख. अभ्यास कुठवर आलाय ते तरी बघावं, अर्धवट काही मोडायला नको, एवढाच हेतू. पडद्यावर शेवटच्या वापराची तारीख होती. मागच्या वर्षीच्या गणपतीतली.

वैभवीला राग आला. असा तसा नाही, कानशिलं तापली. वर्षभर ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ते आज उठून ताट अडवून बसलंय आणि निम्म्यात भागवायचं तिने! तिने बंद करण्याचं बटण दाबलं. आपल्या मशीनला त्याची सगळी मेमरी परत दिली. ते उठलं. ऑर्डर भरली. टिकली. दुसरी भरली. तीही टिकली.

ओकामुरा-सान अगदी वेळेवर आल्या. शांतपणे सगळं पाहिलं, मध्ये मध्ये 'हुं' म्हणाल्या, आणि शेवटी विचारलं, "तुमच्या घरची वीज गेली, तर आमच्या स्वयंपाकघराचं काय?"

सावरून घेणारं उत्तर ओठांवर आलं होतं. पण सकाळभराच्या धावपळीने दमलेली वैभवी म्हणाली, "आज सकाळीच गेली होती. माझ्या मिक्सरमुळे." आणि काय बिघडलं, कसं शोधलं, ते तिने मोडक्यातोडक्या जपानीत सांगून टाकलं. नवऱ्याचा भाग वगळला.

ओकामुरा-सान हसल्या. मग बोलल्या.

संध्याकाळी देवदत्त वडे न्यायला आला. बूट न काढताच त्याने वड्यांचा डबा उचलून पाहिला.

"चटणी?"

"ब्रेकर पडला."

"अरे यार. सॉस घेतो मग कोनबिनीच्या दुकानातून." तेवढ्यात त्याचं लक्ष कपाटाकडे गेलं. "माझं मशीन चालू आहे ना?"

"बंद केलं मी."

"वैभू, सांगितलं होतं ना तुला, माझा अभ्यास…"

"मागच्या गणपतीत शेवटचा केलास. तारीख आहे तिथे."

तो लाजला असावा, कारण वड्यांच्या डब्याचं झाकण उगाच दोनदा लावलं. जायला वळला, दार उघडलं, आणि दारातच थांबला.

"तुझं काय झालं? आज ते होतं ना… त्या बाईंचं?"

हा प्रश्न तिला सकाळपासून हवा होता. आता आला तर तिला रडूही येईना आणि हसूही येईना.

"व्हिसा झाला की पक्की नोकरी. व्हिसाचे कागद त्याच करणार आहेत," ती म्हणाली. "आणि माझं मशीन त्यांच्या ऑफिसात हलवायचंय. कपाटातला डबा तुला मोकळा, देवदत्त. आता हवी तेवढी मेमरी घे."

तो वड्यांचा डबा हातात धरून उंबऱ्यात उभा राहिला. त्याच्या पायाशी, बुटांच्या कपाटात, बारीक घरघर चालूच होती.