क्रावचुक नावाचे दोघे

गंधाली पेठेचं काम ऐकून मुलुंडच्या सोसायटीतल्या बायका हसायच्या. कॅनडा-अमेरिकेतली माणसं एका नळीत थुंकी भरून पाठवायची, तिकडची प्रयोगशाळा ती तपासून आकडे काढायची, आणि त्या आकड्यांवरून त्या माणसाचं आडनाव कुठून आलं, पूर्वज कोण, हे साध्या भाषेत लिहून द्यायचं काम मालाडच्या एका ऑफिसात चालायचं. गंधालीने जेनेटिक्समध्ये एमएस्सी केलं होतं. तिच्याकडे पोलंड, युक्रेन, स्लोव्हाकिया इकडची आडनावं होती. तिकडे ती कधी गेली नव्हती, पण तिथल्या आडनावांची फोड तिला झोपेतसुद्धा करता आली असती.

स्टेफान क्रावचुक हे तिचे ग्राहक. विनिपेगचे, ऐंशी ओलांडलेले, एकटे राहणारे निवृत्त शिक्षक. काम सुरू करण्याआधी ग्राहकाशी व्हिडिओवर बोलायची पद्धत होती. मालाडला संध्याकाळ होती आणि त्यांच्याकडे सकाळ.

"आमच्या आडनावाचा अर्थ काय?" त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"क्रावेत्स म्हणजे शिंपी. क्रावचुक म्हणजे शिंप्याचा मुलगा," गंधाली म्हणाली. "गावोगावी शिंपी होते, त्यामुळे एकमेकांशी काही संबंध नसलेली हजारो क्रावचुक घराणी आहेत."

"तेच तर शोधायचंय. माझ्याकडचा एक क्रावचुक माझा आहे की नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे आजी-आजोबा शंभरेक वर्षांपूर्वी पश्चिम युक्रेनमधल्या एका खेड्यातून कॅनडाला आले. युद्ध सुरू झाल्यावर ओक्साना क्रावचुक नावाच्या एका शिक्षिकेने त्यांना इंटरनेटवर गाठलं. तिचे पणजोबा त्याच खेड्यातले. खार्किवमधलं तिचं घर बॉम्बमध्ये गेलं होतं आणि ती म्हाताऱ्या वडिलांना, मिकोलांना, घेऊन पोलंडमध्ये लुब्लिनला एका निवाऱ्यात राहत होती. स्टेफाननी दोघांना आपल्याकडे बोलवायचं ठरवलं होतं. वरच्या मजल्यावरची खोली त्यांनी स्वतः रंगवली. पण त्यांच्या मुलीने हट्ट धरला, आधी नात्याची खात्री करा. म्हणून स्वतःची आणि मिकोलांची, अशा दोन नळ्या त्यांनी पाठवल्या होत्या.

"मला स्वतःला शंका नाही," ते म्हणाले. "मिकोला अगदी माझ्या बाबांसारखा खोकतो."

निकाल आले तेव्हा गंधाली घाईत होती. दुसऱ्या दिवसापासून तिची रजा होती, मावसबहिणीच्या लग्नासाठी. पुरुषांच्या वंशाची खूण बापाकडून मुलाकडे जाते, आणि स्टेफाननी घेतलेल्या पॅकेजमध्ये तीच तपासायची होती. तिने दोघांच्या खुणा शेजारी-शेजारी ठेवल्या. त्या जुळत नव्हत्या. थोड्याफारही नाही.

तिला वाईट वाटलं. पण अशा केसेस रोजच्याच. तिने लिहिलं, "दोघांची पुरुषवंशरेषा वेगळी आहे." आणि वाक्य अर्धवट वाटलं म्हणून पुढे जोडलं, "त्यामुळे त्यांच्यात रक्ताचं नातं नाही." रिपोर्ट पाठवला, कॉम्प्युटर बंद केला आणि ती मेंदीला पोचली.

रजेवरून परतल्यावर स्टेफानचं दोन ओळींचं उत्तर आलेलं होतं. स्पष्ट लिहिल्याबद्दल आभार. बस्स. गंधालीने केस बंद केली.

बरेच दिवस गेले. एका दुपारी ती धम्मपालबरोबर डबा खात होती. तो तिच्याच टीममध्ये, जर्मन आडनावं बघायचा. राहायला घाटकोपरला. बोलता बोलता आडनावांवर गाडी आली.

"आमच्या आजोबांना शाळेत घालताना मास्तरांनी गावावरून आडनाव लावलं," धम्मपाल म्हणाला. "त्यांचा भाऊ मामाकडे वाढला, त्याला मामाचंच आडनाव लागलं. सख्खे भाऊ, आडनावं दोन. उद्या आमच्या घरावर कुणी रिपोर्ट लिहिला तर वाटच लागेल."

"माझ्याकडे उलटं होतं. आडनाव एक, गावही एक, पण वंश वेगळे. नातं नाही असं लिहून दिलं."

"नातंच नाही? आईच्या बाजूने बघितलंस ना?"

गंधालीचा घास हातातच राहिला. "पॅकेजमध्ये नव्हतं रे."

"पॅकेजचं सोड. लिहिलंस काय?"

ती डबा तसाच ठेवून जागेवर गेली. प्रयोगशाळेने सगळे आकडे दिलेले असायचे, फक्त पॅकेजबाहेरचे कुणी उघडायचं नाही. तिने उघडले. आई आणि बाप, दोघांकडूनही येणारा जो वारसा असतो, त्यात स्टेफान आणि मिकोला लख्ख जुळत होते. एका पणजोबा-पणजीची पतवंडं जुळावीत तितके.

तिकडच्या खेड्यांत एक रीत होती, ती तिला ठाऊक होती. ज्याला जमीन नाही असा मुलगा लग्न करून सासरी राहायला यायचा. त्याला प्रिमाक म्हणत. आपल्याकडचा घरजावई. पुष्कळदा त्याला सासरच्या घराचंच नाव चिकटायचं, म्हणजे नाव एक आणि पुरुषवंश वेगळा. तिने स्वतः नवीन मुलांना हे शिकवलं होतं. आणि स्वतःच्या केसमध्ये तिला ते आठवलं नव्हतं.

ती टीम लीडर केयूरकडे गेली. त्याने ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"तू चूक कुठे केलीस? त्याने जे मागितलं ते दिलंस."

"मी 'नातं नाही' असं लिहिलं, केयूर. ते खोटं आहे."

"बघ, बंद केस उघडली तर वरचे विचारणार. उगाच लफडं होईल. त्याने तक्रार केलीय का? नाही ना? मग सोड ना यार."

"त्याने त्या दोघांना घरी न्यायचं थांबवलं असेल तर?"

केयूरने परत स्क्रीनकडे तोंड वळवलं. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तिने स्टेफानना फोन लावला. काय झालं ते तिने सरळ सांगितलं. पॅकेजमध्ये नव्हतं, असं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. दोनच गोष्टी सांगितल्या: मिकोला तुमचे नातेवाईक आहेत, आणि मी चुकीचं लिहिलं.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"माझे आजोबा अनाथ होते," स्टेफान म्हणाले. "आजीच्या वडिलांच्या शेतावर कामाला आले होते. भांडण झालं की आजी त्यांना म्हणायची, 'नाव माझं आहे, विसरू नकोस.' आम्हा पोरांना वाटायचं, नाव म्हणजे अब्रू. मी ओक्सानाला कळवलं होतं की येऊ नका. चूक झाली, आपण एकमेकांचे कुणी नाही, असं."

"माझ्या वाक्यामुळे."

"वाक्य तुम्ही लिहिलंत. पण खोलीला कुलूप मी लावलं, बाई. तुमच्या वाक्यात कुलूप नव्हतं."

त्यांनी समजूत घालायला म्हटलं असेल. गंधालीला मात्र ते ऐकून जास्तच लागलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. घरी तिने कुणाला काही सांगितलं नाही. आई म्हणाली, "चेहरा का असा?" तर म्हणाली, काम फार आहे. जेवताना टीव्हीवर युक्रेनची बातमी लागली की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडून ओटा पुसत बसायची.

काही आठवड्यांनी, ऑफिसातच, स्टेफानचा व्हिडिओ कॉल आला. मागची भिंत त्यांच्या घरातली नव्हती.

"मी लुब्लिनला आलोय," ते म्हणाले. "फोनवर माफी मागून भागेना. ओक्सानाला तुमच्याशी बोलायचंय."

पडद्यावर पन्नाशीची एक बाई आली. केस आखूड, डोळ्यांखाली काळं. ती इंग्रजीची शिक्षिका, त्यामुळे बोलणं अगदी नीट.

"त्या तुम्हीच का?"

"हो," गंधाली म्हणाली. "माझी चूक झाली. मला फार—"

"मला एक सांगायचंय, ते ऐका. कॅनडा हुकलं म्हणून मी रागावलेली नाही. आम्हाला इथे एक खोली मिळाली आहे, शाळेत काम मिळालं आहे. आम्ही जाणार नाही आता. पण तुमचा कागद आला तेव्हा बाबांनी मला विचारलं, गाव एक, नाव एक, मग रक्त वेगळं कसं? म्हणजे माझ्या आजीने काही केलं होतं का? पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने," ओक्साना म्हणाली, "आपल्या आजीवर संशय घेतला. त्या आजीने उपासमारीच्या वर्षांत त्यांच्या वडिलांना जगवलं होतं. बाबा तिच्या गोष्टी रोज सांगायचे. त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव घेणं बंद केलं."

गंधालीला हे सुचलंच नव्हतं. बंद झालेली खोली तिने रोज डोळ्यांसमोर आणली होती; मिकोलांच्या आजीचा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

"त्यांना सांगा," ती कशीबशी म्हणाली, "त्यांच्या आजीने काहीही केलं नव्हतं. बाहेरून येऊन क्रावचुक नाव लावलं ते स्टेफानच्या आजोबांनी. मी हे पुन्हा लिहून देईन, माझ्या सहीने."

ओक्सानाने वळून आपल्या भाषेत सांगितलं. मागे खाटेवर बसलेल्या म्हाताऱ्याने मान हलवली, काहीतरी बोलला आणि खोकला. स्टेफान त्याच्याजवळ जाऊन बसले.

"बाबा म्हणतात, झालं ते झालं, मुलगी लांबून बोलतेय, तिला रडवू नकोस." ओक्सानाने पडद्याकडे पाहिलं. "त्यांनी माफ केलंय. मला जमत नाहीये अजून."

"हो," गंधाली म्हणाली.

कॉल संपला. पलीकडच्या टेबलाशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापत होते. केयूरने हाक मारली तशी ती उठली, घोळक्यात उभी राहिली, सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. धम्मपालने तिच्या हातात केकची बशी दिली आणि हळूच विचारलं, "काय झालं गं?"

"लिहून द्यायचंय एक," ती म्हणाली, आणि बशी तशीच घेऊन जागेवर गेली.