पिंजाऱ्याच्या दारातली धनुकली

मित्रांनो, मी एक जुनी धनुकली आहे. बाणांशी माझा काही संबंध नाही, कापसाशी आहे. माझ्या लाकडी दांड्याला तात, म्हणजे आतड्याची चिवट दोरी, ताणून बांधलेली आहे. तिच्यावर ठोकळा मारला की मी 'टुंग टुंग' करते आणि दबलेला कापूस हलका होऊन उडू लागतो.

सांगोल्याच्या एका सुताराने मला बाभळीतून घडवलं. मला खांद्यावर घेऊन गैबीसाब लोकांचा कापूस पिंजत गावोगाव फिरायचे. त्यांना तेव्हा आडनाव नव्हतंच. माझा आवाज आला की बायका म्हणायच्या, "पिंजारी आला गं!" तीच हाक पुढे घराचं आडनाव झाली. शेजारच्या अत्तारांचं आडनाव अत्तरामुळे, समोरच्या अकलूजकरांचं गावामुळे आणि आमच्या पिंजाऱ्यांचं माझ्यामुळे. मग थोडा तोरा मी मिरवणारच!

पुढे शहरातल्या भवानी पेठेत दुकान झालं. कापूस पिंजायला यंत्र आलं आणि मला दारावर टांगलं. तिथेही मी मजेत होते. गिऱ्हाइकं मला बघूनच दुकान ओळखायची.

यंदा गैबीसाबांचा पणतू ताबीश याने दुकान नवं केलं. कॉलेजात पोरं त्याला आडनावावरून फार चिडवायची. म्हणून त्याने पाटीवर नुसतं 'ताबीश गादी सेंटर' लिहून घेतलं आणि मला आत कोपऱ्यात ठेवलं. त्याची आजी हुसेनबी येता-जाता माझ्यावरची धूळ तेवढी पुसायची. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

एका दुपारी सांगोल्याहून सारजाबाई कापसाचं गाठोडं घेऊन आल्या. त्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. आईच्या लग्नातली गादी ज्या घरी भरली, त्याच घरी लेकीची भरायची, ही त्यांच्याकडची रीत. बिचाऱ्या आमच्याच दुकानासमोरून येत-जात राहिल्या. शेवटी त्यांनी ताबीशलाच विचारलं, "बाबा, हितं पिंजाऱ्याचं दुकान व्हतं. कुटं गेलं?"

ताबीशने मान खाली घातली.

"बंद पडलं म्हनायचं," सारजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आता नातीची गादी कुटं भरू?" त्या माघारी वळल्या.

तेवढ्यात हुसेनबीने मला उचललं आणि तातेवर ठोकळा मारला. टुंग! सारजाबाई जागच्या जागी थांबल्या.

"अगं बया! हितंच हाय की!"

"हाय की. जातंय कुटं?" हुसेनबी म्हणाली. "पाटीवरनं तेवढं पुसलंय."

ताबीशने पुढे होऊन गाठोडं घेतलं. "बसा आजी. गादी मी भरून देतो."

"तू कुनाचा रं?"

"पिंजाऱ्यांचा," तो म्हणाला. या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

आता पाटीवर आडनाव आहे आणि तिच्या वर मी आहे. मित्रांनो, तुमचंही आडनाव कुठल्यातरी गावातून, नाहीतर कामातून आलं असेल. घरातल्या मोठ्यांना विचारा तरी! आणि माळ्यावर माझ्यासारखं कुणी सापडलंच, तर धूळ पुसून त्याला जरा हात लावून बघा. माझी तात अजून शाबूत आहे.