अबोलची नववी फेरी

टोलेकाकांना आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच. "काका, तुमचा आवडता बॉक्सर कोण?" आणि काका क्षणाचाही विलंब न लावता सांगत, "सुतार." हे उत्तर साफ खोटं होतं. सुतारमध्ये काही कमी होतं असं नाही. काकांनी त्याला लढताना कधी पाहिलंच नव्हतं, एवढंच.

आता हे सांगून कुणाला पटायचं नाही. ज्या अकरा वर्षांना जुनी माणसं अजून नुसतं 'तो काळ' म्हणतात, आणि म्हणताना उगाच छाती पुढे काढतात, त्या अकरा वर्षांतल्या प्रत्येक मोठ्या सामन्याला टोलेकाका रिंगला खेटून बसलेले होते. दोरांपासून हातभर अंतरावर. बॉक्सरच्या घामाचे थेंब त्यांच्या टेबलावर उडत. त्या खुर्चीसाठी लोकांनी एकमेकांच्या उरावर बसायला कमी केलं नसतं. पण काका टाइमकीपर होते. पुढ्यात स्टॉपवॉच, नजर त्याच्या काट्यावर, उजव्या हाताला पितळी घंटा. तीन मिनिटं झाली की टोला, मिनिटभर विश्रांती, की पुन्हा टोला. टोलेकाका हे नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव आता पेन्शनच्या कागदांपुरतं उरलं आहे.

काकांनी तो काळ ऐकला होता. सुतार ठोसे मारायचा ते खिळा ठोकल्यासारखे, एकाच जागी, एकाच तालात. मास्तर पाय घासत फिरायचा आणि ठोसा बसला की हलकेच 'हं' म्हणायचा, समोरच्याचं गणित चुकल्यासारखं. पोस्टमन धावत यायचा, काय ते देऊन निघून जायचा. आवाजावरून काकांनी तिघांनाही झोपेत ओळखलं असतं. त्यांना लढताना बघितलं मात्र सगळ्या गावाने, काका सोडून.

चौथा अबोल. त्याच्याबद्दल काका बोलत नसत.

त्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा काका एकुलता एक कप पुसत होते. बायको गेल्याला चार वर्षं झाली होती. घरात फोन वाजणं ही आता घटना होती, म्हणून काकांनी तो दोनदा जास्त वाजू दिला. पलीकडे बॉक्सिंग संघटनेच्या कार्यालयातली रीळवाली होती. तळघरातली जुन्या सामन्यांची रिळं साफ करून कॉम्प्युटरवर घेण्यासाठी तिला नेमलं होतं.

"काका, संघटनेच्या जुन्या माणसांना एकेक सामना दाखवायचा ठरलंय. तुमच्या आवडीचा एक बॉक्सर निवडा. ज्याची मागणी आहे ती रिळं मी आधी करणार. सगळी काही वाचायची नाहीत, कुजायला लागलीत."

"सुतार," काका म्हणाले.

"सुतारला सात जणांनी मागितलंय. तुम्ही आठवे."

काकांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि अबोल?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "हां, आहे एक. त्याचं एवढं एकच रीळ दिसतंय. त्याला कुणीच मागितलेलं नाही. वास मारतंय व्हिनेगरसारखा. या महिन्यात झालं नाही तर टाकूनच द्यावं लागेल."

"सुतारच लिही," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली. कारण जगात त्या गोष्टीचा एकच पुरावा होता, आणि तो परस्पर कचऱ्यात चालला होता.

गोष्ट 'त्या काळा'च्या दुसऱ्या वर्षातली, सुतार, मास्तर, पोस्टमन रिंगमध्ये उतरायच्या आधीची. तोवर काका अधूनमधून नजर वर करून सामना बघून घेत. घरी गेल्यावर बायकोला स्वयंपाकघरात प्रत्येक फेरी करून दाखवत. ती पातेल्याचं झाकण पुढे धरून ठोसे अडवायची आणि दोघंही हसून बेजार व्हायची. एकदा तिने हट्टच धरला, मला खराखुरा सामना बघायचाय. काकांनी तिला पास आणून दिला. तो सामना अबोलचा होता.

अबोल आवाजच करायचा नाही. पाय वाजायचे नाहीत, श्वास ऐकू यायचा नाही, मार बसला तरी हूं की चूं नाही. नवव्या फेरीत काका स्टॉपवॉचमध्ये डोळे घालून बसले होते आणि त्यांना एकट्या प्रतिस्पर्ध्याचाच आवाज येत होता, जणू तो हवेशी झुंजतोय. शेवटी राहवलं नाही. फेरी संपायला थोडा वेळ उरला असताना त्यांनी मान वर केली आणि ते बघतच राहिले. किती वेळ ते कळलं नाही. भानावर येऊन खाली पाहिलं तर काटा तीन मिनिटांच्या पुढे चार सेकंद गेलेला. त्यांनी घाईघाईने टोला दिला. आणि पुन्हा वर बघतात तर अबोलचा डावा डोळा रक्ताने भरलेला.

डॉक्टरांनी सामना थांबवला. त्या डोळ्याची नजर गेली आणि अबोल पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही. त्या गलक्यात चार सेकंदांचा हिशेब कुणी केला नाही. पण काकांनी केला. तो ठोसा त्या चार सेकंदांत बसला, फेरी संपल्यावर बसला, माझ्यामुळे बसला, असं त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच. पुढची नऊ वर्षं त्यांनी सामन्यात मान वर केली नाही. बायकोलाही सांगितलं नाही. घरी येताना तिने विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "डोकं दुखतंय."

स्वयंपाकघरातला खेळ बंद पडला. ती दर सामन्यानंतर विचारायची, "आज कोण चांगलं लढलं?" आणि काका म्हणायचे, "सुतार." एकदा तर सुतार तापाने फणफणून घरी पडलेला होता, सकाळच्या पेपरात तसं छापूनही आलं. तिने पेपर वाचला, घडी घालून ठेवला. पुढच्या सामन्यानंतर मात्र पुन्हा विचारलं. असा संसार चालला. भांडण नाही, तंटा नाही, बोलणंही नाही. बघणाऱ्यांना वाटायचं, काय गुण्यागोविंदाने राहतात!

फोन ठेवल्यावर काकांना घरात बसवेना. डोक्यावर केस नावापुरते होते, तरी ते सलूनमध्ये गेले. तिथे निदान चार माणसं बोलत असतात. सलूनवाल्याने गळ्याभोवती कापड बांधताबांधता नेहमीचा विषय काढला, सुतार मोठा की मास्तर मोठा.

"आणि अबोल?" काकांनी आरशातच विचारलं.

"तो कसला!" सलूनवाला हसला. "पळपुटा. डोळ्याला जरा लागलं काय, गेला घरी. बाबा सांगायचे."

"जरा?" काका एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या खुर्चीतल्याची मान वळली. "डोळा गेला त्याचा! तू होतास तिथे?"

"तुम्ही होतात ना, काका. मग सांगा की, कसा होता?"

अर्धे केस कापलेले तसेच ठेवून काका उठले, सलूनवाला "अहो काका, अहो" करत दारापर्यंत आला, पण ते थांबले नाहीत. घरी येऊन त्यांनी कार्यालयात फोन लावला.

"सुतार खोड," ते म्हणाले. "मला अबोल बघायचाय."

"वास मारतंय हो ते," रीळवाली म्हणाली.

"मारू दे."

दोन आठवड्यांनी, सकाळी अकरा वाजता, काका तळघरातल्या खोलीत तिच्या शेजारी बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं-सेकंदांचे आकडे पळत होते.

आणि अबोल दिसला. काय लढत होता! अंगावर येणारा ठोसा त्याला जरा आधी कळायचा, आणि तो पळायचा नाही, नुसता बाजूला व्हायचा, दारातून कुणाला आत येऊ द्यावं तसा. काकांच्या तोंडून "वा!" गेलं. आठ फेऱ्या ते वय विसरले, भीती विसरले. हा माझा आवडता, त्यांना वाटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे खरं उत्तर होतं.

नववी फेरी सुरू झाली तेव्हा त्यांनी डोळे आकड्यांवर लावले. मग स्वतःवरच चिडून अबोलकडे वळवले. दोन मिनिटं एकतीस सेकंदांना प्रतिस्पर्ध्याचा उजवा हात सुटला आणि अबोलच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळ्यावरची कातडी फाटलेली स्पष्ट दिसली.

"थांब," काका म्हणाले. "किती झाले?"

"दोन एकतीस."

"मी? मी कुठे बघतोय?"

रिंगच्या अलीकडे, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाची मान खाली होती. तिने रीळ पुढे सोडलं. दोन त्रेपन्नला ती मान वर झाली, तेव्हा अबोलची पाठ टेबलाकडे होती, चेहरा तिथून दिसतच नव्हता. तीन मिनिटं झाली. त्यापुढच्या चार सेकंदांत दोघे बॉक्सर दमून एकमेकांच्या गळ्यात पडले होते आणि पंच त्यांना सोडवत होता. कुणी कुणाला मारलं नाही. मग टोला पडला.

काकांनी तिला सगळं सांगितलं. कसं सांगितलं त्यांचं त्यांना कळलं नाही.

"म्हणजे तुमच्यामुळे काहीच झालं नव्हतं!" रीळवाली खुशीत म्हणाली. "छानच झालं की, काका."

खरं तर काकांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तसं झालं नाही. ठोसा त्या चार सेकंदांत बसलेला निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. निदान त्या सगळ्या वर्षांना काही कारण तरी राहिलं असतं.

"मी मान वर केली तिथे ने पुन्हा," ते म्हणाले. "हळूहळू."

ती एकेक चित्र सरकवत गेली. रिंगच्या पलीकडे, दुसऱ्या रांगेत, सगळे चेहरे वर रिंगकडे लागलेले होते. एक चेहरा तेवढा नव्हता. मांडीवर पर्स घेतलेली एक तरुण बाई खालच्या दोराखालून थेट टाइमकीपरच्या टेबलाकडे बघत होती. पुढच्या चित्रात ती जागेवरून थोडी उठली. त्याच्या पुढच्या चित्रात तिचा हात वर आला होता आणि बोट घंटेकडे होतं. अहो, तिकडे बघा, असं म्हणणारं.

म्हणजे तिला ठाऊक होतं. त्या दिवसापासून ठाऊक होतं. आज कोण चांगलं लढलं, हे ती इतकी वर्षं विचारत होती ते बॉक्सिंगबद्दल नव्हतंच. नवरा कधीतरी आपण होऊन बोलेल म्हणून विचारत होती. आणि तो दर वेळी सुतारचं नाव सांगून मोकळा होत होता.

"पुढे सोडू का?" रीळवालीने विचारलं. "यात अबोल नीट दिसत नाहीये."

"ही माझी बायको," काका म्हणाले.

रीळवालीने माऊसवरचा हात काढून घेतला. काका खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"अगं, त्या दिवशी माझी घंटा चार सेकंद उशिरा वाजली," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो. म्हणून बोललो नाही तुझ्याशी."

बाहेर जिन्यावरून कुणीतरी बोलत खाली येत होतं. रीळवालीने उठून दार लावून घेतलं.